आईचा तिसरा हात

लग्नघराच्या दाराशी दोन हत्ती,
वर गणपती, खाली नवरानवरीची नावं.
इथे ग्वाल्हेरात, लष्करच्या गल्ल्यांत,
त्यासाठी चितेऱ्याला बोलावतात.
दुर्जनकाका आमच्या गल्लीचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील.

त्या रात्री हत्तींचा रंग ओलाच होता.
मांडवामागे भट्टी, भट्टीपाशी सिलिंडर.
पुढचं सांगत नाही.
सकाळी पेपरात नऊ चौकोन,
आधारकार्डावरचे फोटो,
त्यातलं कुणीच कुणासारखं दिसत नव्हतं.

तेरावं झालं, चाळिसावं झालं.
नगरसेवक म्हणाले, संगमरवरी पाटी लावू.
गल्लीने चितेऱ्याला निरोप धाडला.
काका ओट्यावर बसले, बिडी न पेटवता.
म्हणाले, आमच्या हाताला येणारेच ठाऊक.
गणपती येतो, वरात येते, हत्ती येतात.
जाणाऱ्याचं कसं काढायचं, बापानं शिकवलं नाही.

मग चार दिवस घरोघर फिरले.
फोटो मागितला नाही. एवढंच विचारायचे,
हातात काय होतं?

रामसेवक हलवायाच्या, झारा.
त्याच्या पोऱ्याच्या, अर्धी बालूशाही, पाठीमागे लपवलेली.
शब्बीर बँडवाल्याच्या क्लॅरिनेट.
वाजवत नव्हता हो, पुसत होता.
मावशीच्या हातात दुसऱ्याच कुणाची चप्पल.
एका घरी म्हणाले, काहीच नव्हतं.
काका म्हणाले, रिकामेपण काढता येतात.
आणि तुझ्या आईच्या?
सेफ्टीपिन. उघडी.
माझ्या खांद्याला लावायची होती,
मी पदर तसाच धरून पुढे गेले होते.

हत्तींवर चुना फिरला, पाय तेवढे राहिले.
त्यावर गेरू, पेवडी, काजळी.
अठरा हात. चेहरा नाही, नाव नाही.
रामसेवकची बायको रोज झाऱ्याला शिवायची
आणि बोटं पदराला पुसायची,
तूप लागल्यासारखी.

मी पाहिलं, पिन उजव्या हातात.
आई डावखुरी.
गप्प बसले. चुका काढायची ही भिंत होती का?
पण रात्री डोळा लागेना.
डाव्या हाताने वाढते म्हणून
सासरी जन्मभर ऐकून घेतलेली बाई
मेल्यावर एकदाची उजवी झाली.

पंधरा दिवसांनी सांगितलं.
काका भिंतीसमोर खूप वेळ उभे राहिले.
पुसलं नाही.
आलेल्याला घालवायचं कसं, म्हणाले,
आणि शेजारी आणखी एक डावा काढला,
त्यात दुसरी पिन दिली.

दिवाळीला सगळी गल्ली चुना देते,
तेवढ्या भिंतीला वळसा घालून.
परवा कुणाच्या वरातीतली पोरं थांबली.
एकीने मोजलं, एक, दोन, तीन.
म्हणाली, ही कोणती देवी?

कुमुदिनी, मी म्हटलं.
इथलीच.