साडेपाचशे वॅट

यादी मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत केली होती,
शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
कारण भाव रोज खोडावे लागत.
चौतीस हजार. अठरा शिकवणीचे,
उरलेले भिशीचा नंबर लागला म्हणून.

सगळा जीव ग्राफिक्स कार्डात.
त्याच्यासाठी रॅम सोळाची आठ केली, परत सोळा केली,
कॅबिनेटची काच काढली, दिवे काढले,
आणि पॉवर सप्लायसमोर लिहिलं:
कुठलाही. चौदाशे.

लॅमिंग्टन रोडला पप्पा आले
ते पिशव्या उचलायला, असं त्यांचंच म्हणणं.
सदतीस वर्षं बेस्टच्या केबलच्या खड्ड्यात
कमरेपर्यंत उभा राहिलेला माणूस.
दुकानातला पोऱ्या त्यांनाच विचारायचा,
'अंकल, मुलगा कुठले गेम खेळतो?'
पप्पा माझ्याकडे बोट दाखवायचे
आणि पंख्याखाली जाऊन उभे राहायचे.

मी म्हणाले, सोळाची एक काडी नको,
आठ-आठच्या दोन दे, जोडीनं पळतात.
तेव्हापासून मी मॅडम झाले
आणि भाव दोनशेनं चढले.

गालाशेठनी चौदाशेचा डबा काउंटरवर ठेवला.
पप्पा पंख्याखालून आले.
डबा उचलला, वरखाली केला,
आई फणस तोलते तसा.
'हलका आहे.'
'पप्पा, हलका असला तर काय बिघडलं?'
'तांबं नाही यात. वर पाचशे छापलंय,
अडीचशेला घाम फुटेल.'
गालाशेठनी चष्म्यावरून बघितलं,
आणि एक शब्द न बोलता
मागच्या फळीवरून दुसरा काढला.
बेचाळीसशे. साडेपाचशे वॅट. विटेसारखा.

माझं कार्ड तिथंच वारलं.

म्हणजे, अगदी लगेच नाही.
जिन्याखालच्या गाळ्यात एकजण जुनी कार्डं विकत होता,
स्पिरिटनं पुसून चकचकीत केलेली.
'एका पोराचं आहे, फक्त रविवारी खेळायचा.'
भिंतीवरची सगळी कार्डं त्याच एका पोराची.
मी नोटा मोजायला घेतल्या
आणि पप्पांनी कार्ड नाकाशी नेलं.
लाजेनं माझे कान तापले.
'वॉर्निश करपलंय,' ते म्हणाले.
'खेळलेलं नाही हे. राबलंय.'
पण परत ठेवताना हळू ठेवलं,
खालची बाजू आधी बघून,
जसं काही त्याला लागेल.

मग प्रोसेसर बदलला,
पोटातच थोडंफार चित्र असलेला घेतला.
टॅक्सीत मी त्यांच्याशी बोलले नाही.
विटेचा डबा त्यांच्या मांडीवर होता.

शिवडीला, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून
मी बोर्ड काढला. खाच, खिट्टी, टक्.
पंख्याचा एक स्क्रू घरंगळून कपाटाखाली गेला, तो अजून तिथंच आहे.
पप्पांनी भिंतीच्या प्लगमध्ये टेस्टर घातला,
मग मीटर आणला, मग बल्ब लावून बघितला.
तिसऱ्या भोकात काहीच नव्हतं.
अर्थिंग नाही. आमच्याच घरात.
ते बराच वेळ त्या भोकासमोर उकिडवे बसले.
आई म्हणाली, जेवून घ्या.
ते म्हणाले, आधी हिरवी वायर.

रात्री साडेअकराला बटण दाबलं.
टीव्हीवर डोंगर उगवला, जरा अडखळत;
गवत काथ्याच्या पायपुसण्यासारखं,
आणि माझा घोडा दगडावर पाय न टेकता चालत होता.
मी तरी पळवला. पाऊण तास पळवला.

पप्पा उघड्या कॅबिनेटमध्ये बॅटरी मारत होते.
'ही लांब खाच कसली? रिकामी?'
'कार्डाची.'
'किती खातं ते?'
'दीडशे, पावणेदोनशे.'
ओठ हलले, बोटं पेरांवरून फिरली.
विटेवर त्यांनी तळहात ठेवला, तापलीय का बघायला.
'बसेल,' म्हणाले.