कॅश २

वसमतला हळदीचा सौदा जोरात असला
की मुनीरभाईंच्या दुकानात बोर्डांच्या सांध्यांतही पिवळी पूड.
ब्रशनं झाडत म्हणतात,
"नवा घ्या की मॅडम, रात्री रंगीत दिवे लागतात."

मी पर्समधनं यादी काढते.
नेटवर्कची चिप कुणाची,
आवाजाची कुणाची,
सिक्युअर बूट बंद होतं का.
मागल्या खेपेला विचारलं नव्हतं.
आठ महिने मुकं यंत्र, मोबाइलची वायर लावून नेट,
आणि आमचे हेडमास्तर: फुकटचं ते फुकटचंच!

मुनीरभाईंना लिनक्स येत नाही.
पण पेनड्राइव्ह लावू देतात,
पुठ्ठ्यावर उघड्याच बोर्डाला.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवतात
आणि पंखा फिरतो.
आपण शिकलो पांढऱ्यावर काळं,
इथं काळ्यावर पांढरं धावतं.
आम्ही दोघं वाकून वाचतो,
त्यांना इंग्रजी कमी, मला धीर.

पहिल्याला वायफाय दिसेना.
दुसरा झोपला तो उठलाच नाही.
तिसरा बुडालेल्या पतसंस्थेतून निघालेला,
कोपऱ्यावर अजून चिठ्ठी: कॅश २.
त्याचं सगळं दिसलं. नेट, ब्लूटूथ,
स्पीकरमधनं बारीक टिंग.
"वळखलं बघा त्यानं," मुनीरभाई म्हणाले,
आणि लाइट गेली.

मोंढ्यात म्हणे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा.
आम्ही अंधारात, नुसत्या आवाजावर ठरवला.
तीनशे कमी झाले.
वर गोल सेल फुकट,
कारण तारीख तेवढी
त्याला अजून पतसंस्थेचीच आठवत होती.