त्रेसष्ट

शनिवारी पहिली पाळी सुटली की
वडील मिलमधून थेट छावणीतल्या चर्चमध्ये जात.
केसांत कापसाचे तंतू, सायकलच्या दांडीवर मी.
आधी नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे,
मगच आकड्यांच्या डब्याला हात.

काम एवढंच:
उद्याच्या गीतांचे क्रमांक
व्यासपीठाशेजारच्या लाकडी फळ्यात सरकवायचे.
चार गीतं, फार तर दहा-अकरा आकडे.
दोन मिनिटांचं काम.
त्यांना तास लागे.

त्यांना खरं तर गायचं होतं.
पण गळ्यात मिलची धूळ, सूर कायम अर्धी पायरी खाली.
कमिटी म्हणाली, दाऊदभाऊ, तुम्ही आकडे लावा.
ते ‘बरं’ म्हणाले.
त्या ‘बरं’मध्ये एखादा खडा सापडतो का,
आई म्हणायची, मी वर्षभर निवडून पाहिलं.

सागवानाच्या तुकड्यांतून आकडे त्यांनीच कोरलेले.
लावायच्या आधी प्रत्येक गीत वाचायचे, ओठ हलवत,
शेवटच्या कडव्यापर्यंत.
“निरोप द्यायचा, तर निरोप ठाऊक नको?”
मग मागे मागे चालत शेवटच्या बाकापाशी,
जिथे मोतीबिंदूवाल्या सलोमीबाई बसत,
तिथे त्यांच्याइतकंच वाकून,
डोळे किलकिले करून फळ्याकडे बघायचे.

एकदा पाळकसाहेबांच्या चिठ्ठीत
एकशे एक की एकशे नऊ, कळेना.
पौषातल्या थंडीत पलासियापर्यंत सायकल.
साहेब शाल गुंडाळून दारात:
“अरे, दोन्ही स्तुतीचीच. कुठलंही लाव.”
“कुठलंही नको, साहेब. तुम्ही सांगाल ते.”

मग एका बुधवारी मिल बंद झाली.
फाटकाला कुलूप, कुलपावर लाख,
तीन महिन्यांचा पगार आत.
शनिवारी चिठ्ठी आली: त्रेसष्ट. उपकारस्तुतीचं.
मला वाटलं, आज तरी जाणार नाहीत.
गेले.
कोपरापर्यंत हात धुतले,
धुवायला हातांवर काही नव्हतं तरी.

मी चौदा वर्षांचा होतो.
रविवारी घंटेआधी पोचलो
आणि सहाची जागा तीनला दिली.
छत्तीस. पाठीला पाठ.
देवाचं आणि आमचं सध्या हे असं आहे,
दिसू दे सगळ्यांना.

पानं सळसळली.
पेटीवरची बोटं थबकली.
वडील तिसऱ्या बाकावरून उठले,
चपला न वाजवता पुढे गेले,
आकडे काढले, लावले.
सहा. तीन.
समोरासमोर.
अंगठ्याने खालची कड सारखी केली.
परत येताना माझ्याकडे बघितलं नाही.
मग गायले, बेसूर, पाचही कडवी.

रात्री पोह्यांवर शेव नव्हती.
म्हणाले, “माझ्यावर राग काढ.
त्याच्यावरही काढ, तो ऐकून घेतो.
आकड्यांवर नको रे.
सलोमीबाईंचं पान चुकतं.”

आता चर्चमध्ये पडदा आहे, शब्द आपोआप उमटतात.
डबा माझ्याकडे.
मी सियागंजात औषधांच्या ठोक दुकानात
खोक्यांवरचे बॅच नंबर ताडून बघतो.
शेवटच्या खोक्याशी आठ वाजतात.
शटर अर्धं खाली आलेलं असतं, मालक म्हणतो,
“भिया, हो जाएगा, छोड़ो.”
मी चष्मा पुसतो,
पुन्हा पहिल्या खोक्यापाशी जातो.

कधी कधी सोडतोही.
त्या रात्री
कपाटातल्या त्या डब्याकडे
पाठ करून झोपतो.