हवा काढताना

उजवं मागचं चाक आधी. मास्टर सिलिंडरपासून तेच सगळ्यात लांब.
मी खाली, पाठीशी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
वर सीटवर वेस्ली, माझा धाकटा, वय सव्वीस,
उजवा पाय पेडलवर.
"दाब."
"दाबला."
"धर."
"धरलाय, मॉम."
मी निपल पाव आटा सैल करते.
नळीतून चहाच्या रंगाचं तेल येतं, त्यात बुडबुडे.
"पाय खाली चाललाय."
"जाऊ दे. उचलू नकोस."
पाना आवळते.
"आता सोड."

ऑगस्टात त्याने ट्रक सहा इंच उचलला,
खाली सदतीस इंची टायर चढवले.
सॅमन गावातल्या पंपावर म्हातारे टोपी मागे सारून बघायचे.
मला आत चढायला दुधाचा क्रेट लागायचा.
(एकोणीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवलीय मी,
उंचीचं मला काय! पण बसला पायऱ्या असतात.)
छतावर दिव्यांची पट्टी आली, पुढे लोखंडी बंपर,
मालगाडीसारखा भोंगा.
ब्रेक तेवढे कारखान्यातून आले तेच राहिले,
लहान चाकांच्या मापाचे,
मोठ्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखे.

मला कोणी काही सांगितलं नाही.
ऑक्टोबरातल्या एका रात्री ट्रक अंगणात आला
आणि त्याच्या आधी वास आला.
जळलेल्या ब्रेकचा वास मी झोपेतही ओळखते.
सकाळी चाक काढलं: डिस्कवर निळे डाग,
पॅड काचेसारखे गुळगुळीत,
आणि उचललेल्या ट्रकला अपुरा पडलेला रबरी पाइप
ताणून ताणून भेगाळलेला.
मागे एल्कचं अर्धं धूड, ताडपत्रीखाली.
मडगार्डात खडी.

ती खडी मी ओळखली.
घाटात शेवटच्या वळणाआधी, गाड्या आवरेनाशा झाल्या की घुसवायला
जी वाट काढलीय डोंगरात, तिथली.
मार्ला तिथेच उतरली म्हणे,
आणि तीन मैल चालत गेली, मागे न बघता.
हे मला मार्लाच्या आईकडून कळलं, पोस्टात.

त्याच्या डोक्यात हवा गेली होती, असं मी म्हणणार नाही.
नळीतली निघते. तेवढी काढू.

मोठ्या डिस्क आल्या, ताटाएवढ्या.
चार पिस्टनचे कॅलिपर, लांब पाइप, त्यावर स्टीलची वीण.
पैसे त्याने भोंगा विकून उभे केले,
थोडे मी घातले, त्याला कळू न देता.
"डावं मागचं."
"दाबला."
"धर."

इथे, पुठ्ठ्यावर पडल्या पडल्या, मला सांगायचं होतं
एकदा फेब्रुवारीत माझंही पेडल फरशीला टेकलं होतं.
जुनी बस, अकरा मुलं,
त्यांतला एक तू, तिसऱ्या ओळीत,
काचेवरच्या वाफेत बोटाने घोडा काढत होतास.
मी पेडल पंप केलं, गिअर खाली ओढला,
हँडब्रेक एकेक दात खेचत
बर्फाच्या ढिगाला बस घासत नेली.
उतरताना तू म्हणालास, आज मजा आली.
मी मेकॅनिकला सांगितलं. इतर कोणाला नाही.

"मॉम? धरलाय. पाय दुखायला लागला."
"हो," मी म्हणाले. "सोड."

पुढची दोन चाकं झाली तेव्हा तेल स्वच्छ येत होतं, मधासारखं.
पेडल दगडासारखं घट्ट.
सांडलेला एक थेंब रंगावरून पुसला, नाहीतर रंग खातं ते.

मग नवे पॅड बसवायला निघालो, नदीकाठच्या सरळ रस्त्यावर:
तीस मैलांवरून पाचवर आण, पूर्ण थांबू नकोस,
पुन्हा तीस. दहा वेळा. मग थंड होऊ दे.
चौथ्या वेळी ट्रक नाक खुपसून असा वाकला
की टूलबॉक्स धडकला मागे.
वेस्ली हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

सहाव्या वेळी त्याने माझ्या बुटाकडे बघितलं.
"मॉम, तिकडे पेडल नाहीये."
"ठाऊक आहे. तू समोर बघ."
मी पाय उचलला नाही.