चौदावं दृश्य

मी लिहिलं: नदी आपलं नाव विसरते.
खाली एक रेघ मारली, चहा प्याले
आणि फाईल गोकाकला पाठवून दिली.

रात्री अडिवेशचा फोन.
"वाचलं की. बरं वाटलं वाचून.
खरं, काढू काय ते सांग."

तो माझी भाषा बोलतो, वाचताना अडखळतो.
मला त्याची ऐकून कळते, लिहिता येत नाही.
दोघांच्या मध्ये सेकंदाला बारा चित्रं
आणि मुलांसाठीची नऊ मिनिटांची फिल्म,
जिचे पैसे अर्धेच आलेत.

पुन्हा लिहिलं: पाण्यावर उदास, गूढ, धूसर तरंग.
त्यानं तीन चित्रं पाठवली, तिन्ही सारखी,
खाली नावं घालून:
उदास. गूढ. धूसर.

चिडले. मग हसले.

अशी अवघड चित्रं आधीही पडली होती.
दुसऱ्या दृश्यातलं भूत,
"जवळजवळ नसलेलं" असं लिहिलं होतं मी.
शेवटी म्हटलं, मांडा उजेडासमोर धर.
पलीकडचा हात दिसतो, बोटं मोजता येत नाहीत,
दुमडायला गेलं की मोडतं
आणि मोडताना पिठीसाखर सांडते.
"हां," तो म्हणाला, "भुताला पिठीसाखर. असं सांग की."

सातव्यातली भीती तर
नीलव्वा कुंभारणीच्या चाकावर जाऊन बघून आले:
मध्य सुटलेला ओला गोळा,
उंची शेळीएवढी,
चालताना आधी पोट जातं
आणि पाय मागनं येतात.

खरं, नदीला पोट कुठलं?

दुपारी खानापूरच्या पुलावर उभी राहिले,
कठड्याला टेकून.
मागून कौलांचा ट्रक गेला की
पूल बरगड्यांतून हलतो.
खाली फेब्रुवारीतली मलप्रभा, गुडघाभर.
घरी येऊन लिहिलं:

पुलाच्या टोकाशी नदीच्या नावाची पाटी.
कॅमेरा पाण्याच्या वीतभर वर, हलायचं नाही.
पाण्यात पाटी उलटी.
डावीकडून बगळा येतो, पाय टाकतो.
अक्षरं मोडतात.
दोन सेकंद नुसत्या रेघा,
शेवया सांडल्यासारख्या.
मग जुळतात.
एक रेघ कमी.

पाठवलं. तासभर काही नाही.
मग मेसेज, जो येणार हे मला
पुलावरच कळायला हवं होतं:
"पाटी कुठल्या लिपीत?"

आमच्याकडं हा प्रश्न विचारून
माणसं घरी जेवायला उशिरा पोचलीत.
थोरल्या काकांच्या कपाळावर त्याचे टाके आहेत,
अजून मोजता येतात.
अडिवेशच्या घरीही कुणाचे असतील.
मी कधी विचारलं नाही,
त्यानंही नाही.

दोनदा लिहून खोडलं.
मग जे दिसलं होतं तेच:

पाटी पत्र्याची.
वरचा डावा बोल्ट गेलेला, म्हणून कलती.
रंगावर रंग, चार थर,
त्यातला एक डांबराचा.
पोपडा निघालाय तिथं तळाचा निळा दिसतो,
अंगठ्याच्या नखाएवढा.
ऊन पाटीच्या मागून.
म्हणून अक्षरं आहेत एवढं कळतं,
कुठली ते नाही.

तिकडं तो टाईप करायला लागला.
थांबला.
परत लागला.

"निळा जमेल," एवढंच आलं,
आणि खाली:
"बगळ्याचा कुठला पाय आधी?"

डावा, मी लिहिते.
मग उगाच खोटं नको म्हणून उठते
आणि रात्री साडेअकराला, गॅसच्या ओट्याला धरून,
एक पाय उचलून बघते
आधी काय टेकतं,
टाच की बोटं.