सुटकेची खिडकी

दोन्ही कागदांच्या माथ्यावर वॉशिंग्टनच लिहिलंय.
एक आमचं, सफरचंदांचं, इथलं राज्य.
दुसरं अडीच हजार मैलांवरचं,
आमच्या बागेत कधी छाटणीला न आलेलं.

पहिला कागद म्हणतो :
जामीन भरलाय, दार उघडा,
मिनिटभरही जास्त ठेवू नका.
दुसरा म्हणतो : अठ्ठेचाळीस तास धरून ठेवा,
ही विनंती.
विनंती!
माझ्या नवऱ्यानं उभ्या संसारात हा शब्द वापरला नाही;
सरकार वापरतं तेव्हा मी चष्मा पुसून
खाली सही शोधते.
सही आहे.
न्यायाधीशाची नाही.

पहाटेचे चार दहा.
काचेपलीकडे एलिसेओ काआल.
लायसन्स नसताना गाडी चालवली, एवढाच गुन्हा आमच्या वहीत.
त्याचं सामान मोजते :
एक पट्टा. तडकलेला फोन, मेलेला.
छाटणीच्या कात्रीचं रिकामं चामडी म्यान.
सतरा डॉलर, त्यातले चार नाण्यांत.
आणि केसांची एक पिन, हिरवी, बेडकाची.
"इथं सही करा."
तो दोन्ही कागदांकडे बघतो,
कुठल्यावर ते विचारत नाही.

भिंतीवर शेरीफची सूचना :
आम्ही त्यांचं काम करत नाही.
खाली कुणीतरी पेनानं :
ते आमचं ऐकत नाहीत.

रस्त्यापलीकडे करडी गाडी, इंजिन चालू.
आत डेल्बर्ट क्रुस, त्यांच्याकडचा.
ऑक्टोबरात माझी शिडी घेऊन गेला,
अजून परत नाही.
पार्किंगची पिवळी रेघ जिथं संपते
तिथं माझ्या राज्याचा शब्द संपतो.
ती रेघ गेल्या उन्हाळ्यात कैद्यांनीच ओढली,
जरा वाकडी.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
इथं दोन्ही घरं सांगतात, हा पाहुणाच नव्हे,
आणि तरी त्याच्यावरून भांडतात
सोडायचा हक्क कुणाचा, धरायचा कुणाचा.
ताटाचं कुणी बोलत नाही.

मी नाणी पुन्हा मोजते.
उशीर करायची मला परवानगी नाही,
पण घाई करा असंही कुठं लिहिलेलं नाही.
खिडकीबाहेर बघू नये असंही नाही.
मी बघते. जरा जास्तच वेळ.
तोही वळून बघतो.

टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवते.
बायकोशी तो केक्ची भाषेत बोलतो;
आमच्या फॉर्मवर त्या भाषेला चौकोन नाही,
त्यांच्याही नाही.
मग एक पाकीट मागतो.
त्यात तेरा डॉलर घालतो, पिन घालतो,
पत्ता लिहितो, शाळेतल्या पोरासारखा, जीभ दातांत धरून.
नाणी ठेवून घेतो. कशासाठी, कोण जाणे.

दाराचं बटण माझ्या गुडघ्याजवळ.
दारापासून रेघेपर्यंत एकतीस पावलं,
बर्फ उपसताना मोजली होती.
दाबते.
एकोणीस वर्षं दाबतेय, तरी दचकते त्या आवाजाला.

अठ्ठाविसाव्या पावलाला
करड्या गाडीचं दार उघडलं.

पाकीट जड झालंय, तिकीट कमी पडतंय.
पर्समधलं माझं लावते, अंगठ्यानं दाबून.
त्यावर त्या दूरच्या वॉशिंग्टनचाच झेंडा.
हे मात्र ते पोचवतात.