पाठीची पट्टी

सिव्हिल लाइन्सच्या रेकॉर्ड रूममध्ये
मे महिन्यात पंखा लावत नाहीत.
लावला तर एकोणीसशे अकरा उडून
एकोणीसशे सतराच्या मांडीवर जाऊन बसतं,
असं मेश्रामबाबू सांगतात, आणि हसत नाहीत.

मी बाइंडर. तांडापेठेतून सायकलने येतो.
डब्यासोबत दाभण, मेणदोरा,
मैद्याच्या खळीत मोरचूद, कसरीला कडू लागावं म्हणून.
एका रजिस्टरचे एकशेऐंशी, बिल निघालं तर.
वाचायचे पैसे नाहीत.
पण हात शिवत असतो तेव्हा डोळे रिकामेच असतात.

झिटू वल्द गोमा, कोष्टी, विणकाम.
माझा आजा.
शाई चहासारखी फिकी.
पुढच्या रकान्यात: मुलगा. त्याच्या पुढे: जिवंत.
मग खबर देणाऱ्याचा अंगठा,
म्हणजे गोमाचा,
सुतानं झिजलेला,
रेषाच नाहीत, नुसता काळा डाग.

वल्द, वल्द, वल्द.
पान उलटा, वल्द.
छतापर्यंत रचलेल्या या खोलीत
पुरुषांना पुरुष झालेले.
बाई त्या दिवशी कुठं होती?

घरी विचारलं होतं एकदा.
बाप म्हणाला, "होती ना बाप्पा एक.
मिलीत जाये. मंग नाही गेली."
आणि रेडिओचा आवाज वाढवला.

जुनी शिलाई उसवली.
पाठीवरच्या पट्ट्या ओल्या फडक्याखाली ठेवून
चहा पिऊन आलो.
माझ्याआधीच्या कुणा बाइंडरनं कागद वाचवला होता:
गिरणीच्या हजेरीपटाची रद्दी,
बोटभर रुंद कापून आडवी चिकटवलेली.
एकीवर इंग्रजी आकडे.
दुसरीवर नुसत्या काड्या.
तिसरी सुटता सुटत नव्हती.
तिच्यावर:

कचरी गोमा, रीळ खाते,
हजर हजर हजर हजर
हजर हजर गै गै गै

आणि तिथं कात्री.

पोरं जगत नसली
की पुढच्या पोरीचं नाव कचरी ठेवत,
मरणाला किळस यावी म्हणून.
ते आठवलं आणि उगाच फडकं पिळत बसलो,
कोरडं होतं तरी.

महिना कापलेला. साल कापलेलं.
झिटूचा जन्म नऊ तारखेचा,
पण हे गै कुठल्या महिन्याचे, कोण सांगणार?
बाळंतपणाचे, की त्या "मंग"चे?
आणि गोमा तिचा बाप की नवरा?
तांडापेठेत तेव्हा गोमा
ढेकळासारखे पडलेले असतील.

मेश्रामबाबूंनी चष्मा कपाळावर घेतला.
"पुरावा नाही होत हा.
पान नाही, पानावर नंबर नाही.
कायले जीव लावून राहिले तुम्ही?"

खरं आहे.
पानांची मोजणी होते, पट्ट्यांची होत नाही.
खिशात घातली असती
तर कुणाला कळलं नसतं.
घातलीही होती, पाच-दहा मिनिटं.
घामानं शाई उतरेल म्हणून काढली.

मग ज्या जुजात झिटूचं पान आहे
त्याच जुजाच्या घडीला,
आतून, अक्षरं वर येतील अशी
ती लावली.
खळ पातळ केली होती, झिरपू नये म्हणून.
वरून अंगठ्यानं दाबून धरली
वाळेपर्यंत.
माझ्या अंगठ्याच्याही रेषा
खळीनं कधीच गेल्यात.

पाच वाजता कुलूप लागलं.
बाहेर ऊन अजून भिंतीला टेकून उभं होतं.
सायकलच्या सीटवर कागद ठेवून
बिल लिहिलं:

रजिस्टर नग एक, जुजबंदी, पाठीसह.
जुनी पट्टी वापरली.
नवीन कागदाचे पैसे लावले नाहीत.